कृष्णात गुळव्याचा दम

कोल्हापूरजवळच्या कळंब्याच्या तलावाच्या बांधावर सकाळी फिरायला येणाऱ्या मंडळींच्या एक गोष्ट ध्यानात आली होती. दोन वर्षांपासून कृष्णात गुळव्या एकदम बोलका झाला होता.

जन्मभर मोजकं बोललेला माणूस. गुऱ्हाळावर दिवसाला रसाची चार आधणं निघाली, तरी त्याच्या तोंडून चार वाक्यं निघत नसत. आणि आता पन्नास पावलं चालला, की समोरून येणाऱ्याला गाठायचा. म्हैस कितवं वेत व्यायली, थोरलीचं कुठं जमलं का, जावयाची बदली झाली का, एकेक चौकशी करायचा आणि कमरेवर हात ठेवून सगळं ऐकून घ्यायचा. सांगणारा दमला, की हा पुढं निघायचा. कुणी भेटलं नाही तर बांधाखालच्या उसाकडे तोंड करून उभा राहायचा आणि शेंड्यापासून बुडख्यापर्यंत ऊस न्याहाळायचा. लोक कौतुकानं म्हणत, काम सुटलं, पण नजर सुटली नाही.

उसात बघण्यासारखं काही नसायचं. कृष्णातला दम लागायचा, एवढंच. तो कुणाला कळू द्यायचा नव्हता, म्हणून ही सगळी माणुसकी.

पंधराव्या वर्षी तो गणपतरावाच्या गुऱ्हाळावर जळव्या म्हणून लागला. गणपतराव त्याच्याच वयाचा, मालकाचा मुलगा. पण दोघांचं मैत्र असं जमलं, की मालकी कधी मधे आली नाही. जळव्याचं काम म्हणजे रस आटवायच्या मोठ्या काहिलीखालच्या चुलवाणाच्या तोंडाशी बसायचं आणि वाळलेली चिपाडं आत सारत राहायची. चिपाड ओलं निघालं, की जाळ कमी आणि धूर जास्त. तो धूर धुराड्यातून वर जायच्या आधी जळव्याच्या छातीत एक फेरी मारून जायचा. अशी दहा वर्षं गेली. मग कृष्णात वर चढला, काहिलीच्या काठाशी उभा राहिला, गुळव्या झाला. तिथंही वाफ होती, धूर होताच. अडतीस वर्षं त्यानं गूळ केला. विडीला कधी शिवला नाही, तंबाखूची चिमूट कधी तोंडात टाकली नाही, आणि त्याचा त्याला फार अभिमान होता.

दुसरा अभिमान बोटांचा. पाक आटत आला, की तो हात थंड पाण्यात बुडवायचा, तोच हात झटक्यात उकळत्या पाकात घालून चिमूटभर पाक उचलायचा आणि पुन्हा पाण्यात धरून त्याची गोळी वळायचा. गोळी काहिलीच्या काठावर मारली, की आवाजावरून त्याला कळायचं: अजून दोन मिनिटं, का आत्ताच उतरवायची. एक मिनिट आधी उतरवली तर गूळ बसत नाही, एक मिनिट उशीर झाला तर करपतो. अडतीस वर्षांत त्याच्या हातून एकच आधण करपलं, आणि तेही मुलगा झाल्याची बातमी ऐन वेळी आली म्हणून. या कामानं उजव्या हाताचा अंगठा आणि दोन बोटं अशी घट्ट झाली होती, की बाभळीचा काटा त्यात मोडायचा.

तो मुलगा, अमरसिंह, आता फौजेत सुभेदार होता. नोकरीची शेवटची वर्षं लेहला होती आणि जुलैअखेर तो निवृत्त होणार होता. जानेवारीत त्याचा फोन आला. जूनमध्ये आबांनी आणि आईनं लेहला यावं, आठवडाभर राहावं, पाहुण्यांची खोली मिळते. मागच्या पंचवीस वर्षांत मी कुठं कुठं उभा राहिलो, ते निदान एक ठिकाण तरी बघा, म्हणाला.

कृष्णातनं त्या दिवशी गल्लीत सगळ्यांना सांगितलं. पंचवीस वर्षं त्यानं मुलाला फक्त सुट्टीत बघितलं होतं, लुंगी लावून, म्हशीच्या गोठ्यात. तो नोकरीच्या जागी कसा दिसतो, लोक त्याला कशी हाक मारतात, हे एकदा डोळ्यांनी बघायचं होतं. बायको बयाबाई मात्र एवढंच म्हणाली, की तुमी येणार तर मी येतो. तुमी न्हाई, तर मी न्हाई. मिरजेच्या पुढं ती कधी गेली नव्हती.

अमरसिंहाची एक अट होती. इथं तरण्याताठ्या पोरांचा दम जातो, म्हणाला. गणपतकाकांकडं कोरोनात घेतलेला ऑक्सिजनचा चिमटा असेल, तो बोटाला लावा आणि आकड्याचा फोटो मला पाठवा.

चिमटा निघाला. पण कृष्णातच्या उजव्या बोटांना लावला, की आकड्याच्या जागी नुसत्या दोन रेघा यायच्या. त्या कातडीतून उजेड पलीकडं जाईना. तिन्ही बोटं झाली. उरलेल्या बोटांना किंवा डाव्या हाताला लावून बघावं, हे दोघांनाही सुचलं नाही, कारण गुळव्याची कामाची बोटं तीच तीन. शेवटी गणपतराव म्हणाला, आण हिकडं, आणि स्वतःच्या बोटाला लावून त्यानं फोटो काढला. अठ्ठ्याण्णव. फोटोत ओळखू येऊ नये म्हणून त्यानं आधी हातातली पुष्कराजाची अंगठी काढून खिशात टाकली. एवढी अक्कल चालवल्याचं त्याला समाधानही वाटलं.

पाच मिनिटांत लेहहून फोन आला.

“आबा, बोट कुणाचं हाय?”

“माझंच की. दुसऱ्या कुणाचं असतंय?”

“अंगठीचा पांढरा वळ दिसालाय, आबा. आनि तुमची बोटं मला वळखायची न्हाईत व्हय? त्या बोटांनी भरवलेलं खाऊन वाढलोय मी.”

कृष्णातनं फोन गणपतरावाच्या हातात दिला, आणि गणपतरावानं तो बयाबाईच्या. बयाबाईनं मुलाचं ऐकून घेतलं आणि दुसऱ्या दिवशी नवऱ्याला घेऊन राजारामपुरीत छातीच्या डॉक्टरीणबाईंकडं गेली.

डॉक्टर रूपाली रुकडीकडच्या जैन शेतकऱ्याच्या घरातल्या. त्यांचे आजोबा अण्णाप्पा यांचं गुऱ्हाळ होतं आणि दोन हंगाम कृष्णातनं तिथंही गूळ केला होता. ओळख निघाली तसा कृष्णात खुशीत आला. एका नळीत जोरात फुंकायला लावलं, फुंकला. छातीचा फोटो काढला. मग बाईंनी न विचारता डाव्या हाताचं करंगळीशेजारचं बोट पुसून चिमटा तिथं लावला. चौऱ्याण्णव.

“बघ,” कृष्णात बायकोला म्हणाला, “पास झालो.”

डॉक्टर हसल्या. म्हणाल्या, आता उठा काका, बाहेरच्या व्हरांड्यात सहा मिनिटं चालायचं. या टोकाच्या खुणेपासून त्या टोकाच्या खुणेपर्यंत, फेऱ्या मारायच्या, आपल्या चालीनं. चिमटा बोटालाच राहू दे.

कृष्णात निघाला. पहिली फेरी झोकात. दुसऱ्या फेरीला त्यानं बाकावर बसलेल्या एका पाहुण्याला गाव कुठलं, म्हणून विचारलं. पाहुणा शाहूवाडीकडचा निघाला. भात कसं काय यंदा, म्हणून कृष्णात थांबणार, तोच मागून नर्सबाई म्हणाल्या, आजोबा, बोलायचं नाही, चालायचं. चौथ्या मिनिटाला त्याचे ओठ निळसर दिसायला लागले. सहा मिनिटं संपली तेव्हा चिमट्यात चौऱ्याऐंशी होते.

आत आल्यावर त्यानं भांडण काढलं. बसल्यावर चौऱ्याण्णव होते ते खोटे का? माणूस पळाला की दम लागणारच. मी तिथं जाऊन पळणार थोडाच आहे? बसून राहीन की. डॉक्टरांनी त्याला सगळं बोलू दिलं. मग त्यांनी विचारलं,

“काका, पाक गार झाल्यावर बोट घालून गूळ झाला का नाही ते कळतं का?”

“गार झाल्यावर कसं कळंल? उकळतानाच बघाय लागतंय.”

“मग तुम्ही बसल्यावर तुमचा दम मी कसा बघू?”

बयाबाईनं पदर तोंडाला लावला, पण ती हसतेय हे सगळ्यांना दिसलं.

मग डॉक्टरांनी नीट समजावलं. धुरानं फुफ्फुसं खराब झालीत, ती परत पहिल्यासारखी होत नाहीत. बसल्यावर ती कसाबसा गाडा ओढतात. चालायला लागलं की अंगाला हवा जास्त लागते आणि ती पुरवणं त्यांना जमत नाही. कोल्हापुरात असं, तर लेहला हवाच विरळ. तिथं खुर्चीत बसल्या बसल्या तुमचा आकडा इथल्या चालण्याच्या आकड्याखाली जाईल. चार पायऱ्या चढलात, तर आणखी खाली. ऑक्सिजनची नळी लावून जाणारे लोक असतात, पण तुमच्या बाबतीत मी त्या कागदावर सही करणार नाही.

त्यांनी ओढायचा पंप दिला, रोजचं चालणं ठरवून दिलं आणि ओठांचा चंबू करून सावकाश श्वास सोडायला शिकवलं. फुंकणीनं विस्तव फुलवतात तसं, म्हणाल्या. चालताना आकडा अठ्ठ्याऐंशीच्या खाली गेला की थांबायचं, हे दोनदा बजावलं.

घरी आल्यावर कृष्णात म्हणाला, की व्हरांड्यात गर्दी होती, हवा कोंदट होती, आणि ती नर्स मागं लागल्यागत चालत होती. तिकीट काढायला अजून वेळ आहे. बयाबाई म्हणाली, बरं.

दोन महिने त्यानं मन लावून पंप ओढला आणि फुंकणी फुंकली. थोडा फरक पडला. बांधावरचे त्याचे मुक्काम सातावरून पाचावर आले. सून वर्षाराणी शेजारच्या गल्लीत सांगत सुटली, की मामांचा दम वाढलाय. एप्रिल लागला तसं कृष्णातनं गणपतरावाला गाठलं. आपण दोघं गगनबावड्याला जाऊ, म्हणाला. गगनगड चढून बघतो. चिमटा तुझ्या हातात. अठ्ठ्याऐंशीच्या वर राहिला, तर डॉक्टरीणबाईंच्या पाया पडून सही घेतो. न्हाई राहिला, तर लेहचं नाव काढत न्हाई.

गणपतराव म्हणाला, गगनगड म्हणजे लेहच्या उंबऱ्याएवढासुद्धा नाही. कृष्णात म्हणाला, उंबरा तरी ओलांडून बघूया.

रविवारी सकाळी दोघं गणपतरावाच्या जुन्या जीपमधून निघाले. घरी सांगितलं, की करवंदं आणायला जातो. घाटमाथ्यावर ऊन होतं, पण वाऱ्याला गारवा होता. गडाच्या पायथ्याला एक म्हातारी टोपलीत करवंदं घेऊन बसली होती. खोटं बोलणं नको, म्हणून गणपतरावानं आधी करवंदं घेतली आणि मग दोघं पायऱ्यांना लागले.

खाली उभं असताना चौऱ्याण्णव होते. तीस पायऱ्यांवर गणपतरावानं आकडा वाचला, एक्क्याण्णव. कृष्णातनं चंबू करून फुंकलं. साठ पायऱ्यांवर नव्वद. वरून उतरणारी शाळेची पोरं दोघांकडं बघून बाजूला झाली. कृष्णातच्या छातीत आता लोहाराचा भाता चालू झाला होता. पिंढऱ्या जड झाल्या होत्या आणि पायरीच्या कडा जरा अंधुक दिसत होत्या.

“किती?” त्यानं विचारलं.

“ब्याण्णव,” गणपतराव म्हणाला.

कृष्णात आणखी वीसेक पायऱ्या चढला आणि कठड्याला धरून उभा राहिला. पुन्हा विचारलं. गणपतराव म्हणाला, ब्याण्णवच आहेत, टिकून आहेत, चल. पण हे सांगताना तो चिमट्याकडं बघत नव्हता, कोकणाच्या दिशेला बघत होता. कृष्णातनं बावन्न वर्षं त्याचं तोंड बघितलं होतं. बाजारात मालाला भाव मिळाला नाही, की घरी बायकोला सांगताना हा असाच लांब कुठंतरी बघायचा. आणि चढ वाढत असताना आकडा कसा वाढेल? उकळी वाढते तसा पाक आटतो. उलटं कधी झालंय?

त्यानं हात आपल्याकडं वळवला. एकोणऐंशी.

कृष्णात पायरीवर बसला. गणपतराव शेजारी बसला. एकाला बोलता येत नव्हतं आणि दुसऱ्याला तोंड नव्हतं. वर गडावरच्या मठात घंटा वाजली. मग गणपतरावानं करवंदांचा द्रोण पुढं केला आणि खाली मान घालून म्हणाला, की तुझं मन मोडवेना रे.

“मन मोडलं असतं तर जुळलं असतं, गड्या,” कृष्णात श्वास सापडल्यावर म्हणाला. “आधण करपलं की मग काय बी करता येत न्हाई. काहील उतरवूया.”

चिमट्यातला आकडा सावकाश चढत होता. ब्याऐंशी, सत्त्याऐंशी. नव्वद झाल्यावर दोघं उठले आणि आले तसे खाली उतरले. गडाचं टोक राहिलं ते राहिलंच. परतीच्या वाटेवर गणपतरावानं जीप इतकी हळू चालवली, की मागच्या एसटीवाल्यानं साळवणपर्यंत हॉर्न वाजवला.

करवंदं बयाबाईच्या हातात देताना कृष्णातनं सगळं सांगितलं. बांधावरचा ऊस, येणाऱ्याजाणाऱ्यांच्या चौकशा, फोटोतलं बोट तर तिला माहीतच होतं, आणि आजचे एकोणऐंशी. बयाबाई करवंदं निवडत ऐकत होती. त्याचं सांगून झाल्यावर म्हणाली, की उसाचं तिला दोन वर्षांपूर्वीच कळलं होतं. कुणाचा ऊस कधी तुटला हे विचारलं, तर त्याला सांगता यायचं नाही. एवढा वेळ उसाकडं बघणाऱ्या माणसाला ते ठाऊक नको?

मग खरं अवघड काम आलं.

“तू जा,” कृष्णात म्हणाला.

“मी न्हाई जात. तुमास्नी टाकून मी कुटं गेलतो कवा?”

“म्हनूनच जा. मी न्हाई गेलो तर एकानं बघायचं राहिलं. तू बी न्हाई गेलीस, तर पोरानं पंचवीस वर्सं कुनाला दावायची?”

पाचव्या दिवशी बयाबाईनं सुनेला विचारलं, की तिकडं थंडीला नऊवारी चालते का, का आतून काही घालावं लागतं. तेव्हा घरात सगळ्यांना कळलं.

डॉक्टर रूपालींनी तिलाही व्हरांड्यात चालवलं. सहा मिनिटं ती अशी चालली, की नर्सबाईच मागं राहिल्या. बसल्यावर अठ्ठ्याण्णव, चालून सत्त्याण्णव. घरी येऊन तिनं ते आकडे नवऱ्याला ऐकवले, शेजारणीला ऐकवले आणि दूध घालायला गेली तेव्हा डेअरीवरही ऐकवले.

जूनमध्ये ती आणि वर्षाराणी उजळाईवाडीच्या विमानतळावरून निघाल्या. गुऱ्हाळ तेव्हा बंद असतं. पण मार्चमध्ये हंगाम संपताना कृष्णातनं गणपतरावाच्या नव्या गुळव्याला बाजूला सारून, तोंडाला फडकं बांधून, एका आधणाची शेवटची गोळी स्वतः वळली होती. तेव्हा त्याच्या मनात तो गूळ स्वतः घेऊन जायचा होता. आता त्याची पाच किलोची ढेप बयाबाईच्या पिशवीत गेली. विमानतळावरच्या जवानानं ती पिशवी उघडून बघितली, वास घेतला आणि पुढं ढकलली.

पोचल्याच्या दुसऱ्या दिवशी दुपारी व्हिडिओ कॉल आला. बयाबाई पलंगावर रजई घेऊन बसली होती. पहिले दोन दिवस हलायचं नाही, असा सुभेदारसाहेबांचा हुकूम होता. ती म्हणाली, डोकं जरा जड आहे, बाकी काही नाही. मग तिनं बोट कॅमेऱ्यासमोर धरलं. बोटाला चिमटा होता.

“माजं एकोणनव्वद हाय. तुमचं किती?”

कृष्णातनं बाहेरच्या सोप्यात बसल्या बसल्या डाव्या बोटाला चिमटा लावला. पंच्याण्णव.

“म्हंजे तुमी जिकलासा,” बयाबाई म्हणाली. आकडा कमी आल्याचं तिला जरा वाईटच वाटलेलं दिसलं.

तिच्या मागून एक शिपाई चहा घेऊन आला आणि दारात थांबून म्हणाला, “साहब, माताजी के लिए.” साहेब म्हणजे अमरसिंह. अंगात वर्दी, छातीवर पट्ट्या. त्यानं चहा घेतला, शिपायाला मान हलवली आणि दार लोटलं. एवढंच. तीन सेकंद झाले असतील. बयाबाई फोन खिडकीकडं फिरवून डोंगर दाखवायला लागली, आणि डोंगराच्या जागी तिचा अंगठाच दिसत होता. कृष्णात म्हणाला, डोंगर राहू दे, त्याला दाव परत.

अमरसिंह कॅमेऱ्यासमोर आला. हातात गुळाचा खडा होता. म्हणाला, इथल्या थंडीत ढेप दगड झाली होती, हातोडीनं फोडली. अख्ख्या प्लॅटूनला वाटला. एक केरळचा जवान विचारत होता, की हा कुणी बनवला. मी सांगितलं, माझ्या वडिलांनी, बोटानं.

कृष्णातनं ओठांचा चंबू करून सावकाश श्वास सोडला. पलीकडून मुलानं काळजीनं विचारलं, की आबा, दम लागलाय काय. तो म्हणाला, न्हाई, बसलोय की.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो नेहमीसारखा बांधावर गेला. पन्नास पावलं झाली, थांबला. तलावावर बगळे उतरत होते. शेजारून चाललेल्या एका ओळखीच्या गृहस्थानं त्याला उसाकडं तोंड करून उभं असलेलं बघितलं आणि सवयीनं विचारलं, “काय गुळव्या, ऊस बघालायसा?”

“न्हाई,” कृष्णात म्हणाला. “दम लागलाय. जरा थांबून येतो. तुमी व्हा म्होरं.”

तो गृहस्थ पुढं गेला नाही. तोही उभा राहिला आणि हळूच म्हणाला, की त्याच्याही छातीत हल्ली चालताना भाता वाजतो. राजारामपुरीतल्या त्या डॉक्टरीणबाईंचा नंबर आहे का?